खिचडीतला खडा

लैला मुलाणी जळकी होती, हे कामशेतात स्टेशनापासून बाजारपेठेपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. खुद्द तिलाही ठाऊक होतं. जावेनं नवं कपाट घेतलं की हिचं डोकं दुखायला लागायचं. शेजारणीच्या कुंडीत मोगरा फुलला की ही स्वतःच्या कुंडीला दोन दिवस पाणी घालायची नाही, म्हणायची, "तुला काय धाड भरलीय फुलायला?" नवरा युनूस टेंपो चालवायचा, स्वभावानं शांत माणूस. तो हसून म्हणायचा, "लैला, तुझ्या पोटातच चूल आहे बघ. अल्लानं गॅस सिलिंडरची कटकटच ठेवली नाही." ती फणकारायची, पण खोटं आहे असं काही म्हणायची नाही.

तिच्या या जळण्याचं कुणी फारसं मनावर घ्यायचं नाही, कारण बाई हाताला चोख होती. लोणावळ्याच्या एका चिक्कीच्या कारखान्यात ती बावीस वर्षं कामाला होती. रोज सकाळच्या लोकलनं जायचं, दिवेलागणीला परत यायचं. कढईत गुळाचा पाक फुगायला लागला की भट्टीवरचा कारागीर लैलालाच हाक मारायचा. ती वाटीतल्या गार पाण्यात एक थेंब सोडायची, बोटांनी उचलून वाटीच्या काठावर आपटायची. खणकन वाजला तर पाक झाला, घाला शेंगदाणे. नाही वाजला तर थांबा. तिनं थांबा म्हटलं की मालकसुद्धा थांबायचा.

आणि ह्या बाईला पोटच्या पोरीचं काही केल्या कळेना.

लायबा तिची एकुलती एक, लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. तेवढी वर्षं लैलानं इतरांच्या बारशांना जाऊन किती जळून घेतलं असेल त्याची कल्पनाच करा. झाली ती पोर मात्र अशी की, बोलायला लागली की थांबायची नाही. वर्गात पुढच्या बाकावर, धडा वाचायचा म्हटला की हिचा हात आधी वर. आणि सातवीत असताना, जानेवारीतल्या एका दिवशी, असाच धडा वाचता वाचता तिचा श्वास अडकला. हात गार पडले, छाती धडधडायला लागली, आपण आता मरणार असं तिला वाटलं आणि ती वर्गातून पळत सुटली. त्या दिवसापासून शाळेचं नाव काढलं की पोटात कळ यायची. आठवीत गेली, पण नुसती पटावर. वर्गाच्या दाराशी जायची, पाय थिजायचे, परत यायची. घरी आली की भिंतीकडं तोंड करून पडायची.

लोक काय, लोकांना तोंड आहे. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं नाटकं आहेत, दोन फटके द्या. लैलानं मीठ-मिरच्या ओवाळल्या, दर्ग्यावर चादर चढवली, आणि एकदा, फक्त एकदाच, दोन फटकेही दिले. मग स्वतःच मोरीत जाऊन रडली. शेवटी युनूसनं तळेगावच्या मनाच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. त्या म्हणाल्या, "हा घाबरण्याचा आजार आहे. नाटक नाही, आणि वेड तर नाहीच नाही. बरा होतो. वेळ लागतो." एक बारीक गोळी दिली आणि दोन गोष्टी बजावल्या. एक, शाळा पूर्ण सोडू देऊ नका. एकदा सुटली की परत जाणं फार अवघड होऊन बसतं. जेवढं बसवेल तेवढं बसू दे, पण घाबरं झालं की उठून जाऊन बसायला शाळेत एक हक्काची जागा पाहिजे. आणि दुसरं, सारखं विचारत बसू नका. बोलली तर ऐका.

दुसरी गोष्ट लैलाच्या बसकी बातच नव्हती. संध्याकाळी लोकलमधून उतरल्या उतरल्या तिचं सुरू व्हायचं. "आज गेलीस का? किती तास बसलीस? छातीत धडधडलं का? का धडधडलं? कुणी काही बोललं का?" पोर म्हणायची, "काही नाही." दोनच शब्द. बावीस वर्षं पाकाचा आवाज ऐकणाऱ्या बाईला घरात तेवढेच दोन शब्द ऐकायला मिळायचे.

पहिली गोष्ट शाळेनं मनावर घेतली. मुख्याध्यापिका रेणुका मॅडम शिस्तीच्या कडक, पण बाई समजूतदार. त्यांनी लायबाला विचारलं, "भीती वाटली तर कुठं बसशील? वाचनालयात? माझ्या ऑफिसात?" पोरीनं सगळी शाळा बघितली आणि बोट दाखवलं ते मागच्या स्वयंपाकखोलीकडं, जिथं पोरांची दुपारची खिचडी शिजायची. तिथं सरूबाईचं राज्य होतं.

सरूबाई जवळच्या नाणे गावची. वय पंचावन्नच्या पुढं, डोक्याला टोपी, कमरेला ओचा, तोंडात कायम काहीतरी गाणं नाहीतर शिवी. तेरा वर्षं शाळेची खिचडी करत होती. लायबा पहिल्या दिवशी थरथरत तिच्या दाराशी उभी राहिली, तेव्हा सरूबाईनं ना विचारलं काय झालं, ना पाणी दिलं, ना पाठीवरून हात फिरवला. लसणाचा गड्डा पुढं सरकवला आणि म्हणाली, "बस. सोल." बास, एवढंच.

पंधरा दिवसांनी लायबा मराठीच्या तासाला बसायला लागली. महिन्यानं इतिहासाला आणि चित्रकलेला. गणपती होईस्तोवर दिवसातले चार तास वर्गात आणि बाकीचे सरूबाईकडं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "उत्तम चाललंय. अशीच राहिली तर दिवाळीनंतर पूर्ण दिवस बसेल." युनूसनं पेढे वाटले.

आणि लैला? लैलाला आनंद झाला, नाही कसा होणार. पण त्या आनंदाच्या बुडाशी काहीतरी करपत होतं. कारण आता पोर घरी बोलायला लागली होती, आणि बोलायची ती फक्त सरूमावशीबद्दल. सरूमावशी म्हणते फोडणीला घाई करू नये. सरूमावशीच्या म्हशीला पारडी झाली. सरूमावशीला ना, वाचता येत नाही, पण तेराचा पाढा पाठ आहे. लैला डाळीला फोडणी देत ऐकायची आणि मोहरीआधी स्वतःच तडतडायची. अगं, मी तुला नऊ महिने पोटात आणि नऊ वर्षं दुव्यात वागवलं, आणि ही कोण कुठली बाई, लसूण सोलायला देऊन माझी पोर घेऊन गेली? सवत असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. हिच्याशी भांडायचं तरी कशावरून? पोर बरी होतेय यावरून?

तशात शाळेतून निरोप आला. खिचडी पोरांना वाढायच्या आधी रोज एका पालकानं येऊन चव बघायची आणि वहीत लिहून सही करायची, अशी तिथली रीत होती. आजवर लैलाची पाळी आली की कारखान्याचं कारण असायचं. या वेळी मात्र तिनं रजा टाकली. ठेवणीतली पोपटी ओढणी काढली. युनूस म्हणाला, "खिचडी चाखायला चाललीस का वरातीला?"  तिला ती बाई बघायची होती.

शाळेच्या मागच्या बाजूला वळली आणि तिच्या कानावर हसणं आलं. आधी तिला वाटलं, असेल कुठलीतरी पोरगी. मग पाय जागच्या जागी थांबले. ते लायबाचं हसणं होतं. तोंडातल्या तोंडातलं नव्हे, पोट धरून, उचकी लागेपर्यंतचं हसणं, आठ महिन्यांत घरात न ऐकलेलं. दारातून दिसलं ते असं : लायबा पाटावर बसून कोथिंबीर निवडत होती आणि सरूबाई पातेल्यात कालथा फिरवत सांगत होती, "...आन् आमच्या धोंडिबानं टोपी डोक्याव घातली, तर आतमंदी कोंबडीचं अंडं! आसं कपाळावरनं घळाघळा! हसू नगं गं साळुंके, माज्या दादल्याची आब्रू हाय ती!"

साळुंकी! जी पोर घरात स्वतःबद्दल दोन शब्दांवर तिसरा बोलत नव्हती, तिला ही बाई साळुंकी म्हणत होती.

लैलाला तेव्हाच परत फिरता आलं असतं, किंवा आत जाऊन हसता आलं असतं. ती दारात उभी राहिली. लायबानं मान वर केली, अम्मीला बघितलं, आणि तिचं हसू पाटीवरचं अक्षर पुसावं तसं पुसलं गेलं.

"काय झालं? का थांबलीस?" लैला म्हणाली. सवयीनं विचारलं, तेच नेहमीचं.

"काही नाही," लायबा म्हणाली.

सरूबाईनं लगबगीनं वाटीत खिचडी वाढली, वर तुपाचा थेंब सोडला. "घ्या बाय, बघा च्यव. तुमची पोर लय गुणाची हाय." लैलानं बिस्मिल्ला म्हणून घास घेतला. आता खरं सांगायचं तर खिचडी फर्मास होती. तांदूळ मोकळा, डाळ मुरलेली, मीठ बरोब्बर. निदान खारट तरी असायची! तेवढंही देवानं तिच्या पदरात टाकलं नाही. रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं वाटी खाली ठेवली, गालाला हात लावला, आणि तोंडातून काहीतरी काढल्यासारखं करून दाराबाहेर फेकलं.

मग ऑफिसात जाऊन वहीत ठसठशीत अक्षरांत लिहिलं : "खिचडीत खडा लागला. तांदूळ नीट निवडत नाहीत. लहान मुलांच्या जिवाशी खेळ." खाली सही केली, 'लायबाची आई', आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या.

पुढचं भराभर झालं. रेणुका मॅडमनी वाचलं, चेहरा उतरला. सरूबाईला बोलावलं. सरूबाईनं एकदा लैलाकडं बघितलं, एकदा दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या लायबाकडं बघितलं, आणि पदरानं हात पुसत म्हणाली, "ऱ्हायला आसंल माज्याकडनं. माजी चूक." मॅडम म्हणाल्या, "सरूबाई, गप्पांमुळं होतं हे. उद्यापासून स्वयंपाकखोलीत एकही मूल नको. लायबा, तू माझ्या ऑफिसात बसत जा बाळा."

लैला घरी आली ती ताठ मानेनं. पोटातली चूल विझून गार झाल्यासारखी वाटली. त्या संध्याकाळी लायबा शाळेतून आली, आणि बराच वेळ साबणानं हात धूत राहिली. दुसऱ्या दिवशी उठलीच नाही. भिंतीकडं तोंड.

आता कुणी म्हणेल, आईचं काळीज फाटलं असेल. तर ऐका, फाटलं नाही. पहिले दोन दिवस लैला खूश होती. तिला स्वतःलाच त्याची शरम वाटत होती, पण होती खूश. रजा वाढवून घेतली. पोरीच्या केसांना तेल लावलं, तिच्या आवडीच्या गुळाच्या पोळ्या केल्या, तिच्या शेजारी आडवी होऊन डोक्यावरून हात फिरवत राहिली. आली ना माझ्याकडं, असं मनात म्हणत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं डाळ-भात वाढला. लायबा ताटाशी बसली आणि तिनं बोटांनी भात पसरायला सुरुवात केली. एक एक शीत वेगळं करायची, उजेडाकडं ताट कलतं करून बघायची, पुढचं शीत घ्यायची. डाळ गार होऊन तिच्यावर साय धरली.

"काय शोधतेस गं?"

"खडा."

"आपल्या भातात कुठला खडा? पिशवीतला साफ तांदूळ आहे."

लायबा तशीच शितं बाजूला करत राहिली. मग खालच्या मानेनं बोलली, आणि स्वतःबद्दल आठ महिन्यांत एका दमात एवढं पहिल्यांदाच बोलली. "अम्मी, त्या दिवशीचा तांदूळ मी निवडला होता. सरूमावशी उद्याचा तांदूळ आज निवडून ठेवते. सगळा मीच निवडते, दोन महिने झाले. तिनं मॅडमना सांगितलं नाही. पहिलीची पोरं खातात ती खिचडी. कुणाचा दात पडला असता, कुणाच्या घशात अडकला असता. तुझ्या दाताला लागला म्हणून कळलं तरी. आधी किती राहिले असतील? मला नीट काहीच करता येत नाही."

लैलाच्या हातातला डाव तसाच राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सरूबाईच्या अंगावर भिरकावलेला खडा स्वतःच्याच लेकीला लागला होता. आणि तो खडा नव्हताच! चार शब्द, 'बाळा, खडा नव्हता गं', एवढे बोलले की पोर मोकळी. पण ते चार शब्द बोलले, तर पोर विचारणार, मग का लिहिलंस? आणि उत्तर ऐकलं की असलेली नसलेली सगळी उठून सरूबाईकडं जाणार. लैलानं डाव परत भातात खुपसला. ती म्हणाली, "जाऊ दे, विसर." म्हणजे काहीच म्हणाली नाही.

पाच दिवस तिनं तसेच काढले. डॉक्टरबाईंना फोन केला तर त्यांनी विचारलं, "एकदम असं कशानं झालं? काही घडलं का शाळेत?" लैला म्हणाली, "नाही हो मॅडम, काही नाही." लायबाचे दोन शब्द आता तिच्या तोंडी आले होते. पोर भात खाईना, पोळी मोडून आत बघायची.  रजा संपली म्हणून लैला कारखान्यात गेली, कारागिरानं हाक मारली, तिनं पाण्यात थेंब टाकला आणि बघत बसली. थेंब वाजायची वेळ कधीच टळून गेली होती, कढईतून धूर निघायला लागला. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातून पाक जळला. सगळ्या बाया तिच्याकडं बघायला लागल्या. 

रविवारी सकाळी दारात सरूबाई उभी. डोक्याला टोपी नाही, चांगलं लुगडं नेसलेली, हातात पिशवी. नाण्याहून जीपनं आली होती. लैलाला वाटलं, भांडायला आली असणार, दुसरं काय.

सरूबाई तिच्याकडं न बघता आत गेली आणि लायबाच्या अंथरुणाशी फतकल मारून बसली. "काय गं साळुंके, सुट्टी कोनाला इचारून घेतलीस? लसूण कोन सोलनार, धोंडिबा?"

लायबा उठून बसली. हसली नाही. 

"हे बघ," सरूबाई म्हणाली, "म्या तुला सांगाया आली. त्यो खडा तुजा न्हाई. तू निवडून गेलीस, मंग मला वाटलं तांदूळ कमी पडंल, म्हून म्या वरनं दोन वाट्या घातल्या. न निवडलेल्या. त्यातला त्यो खडा. माजा हाय. कळलं? उद्या शाळंत ये."

लैला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिला कळलं, बाई धडधडीत खोटं बोलतेय. आपल्या तेरा वर्षांच्या नावाला पोरीसाठी स्वतःच्या हातानं बट्टा लावून घेतेय. आणि त्या क्षणी सुद्धा, सांगायला लाज वाटते पण खरं आहे, लैलाच्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच की, हे मला का सुचलं नाही? हिचं खोटंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं!

लायबानं मान हलवली. "नाही घातल्या मावशी. मी पिंप बंद करून, तुम्ही कुलूप लावेपर्यंत तिथंच होते. सकाळी उघडलं तेव्हापण होते. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय." तिनं पाय पोटाशी घेतले. "मी नाही येणार. परत कधीच नाही."

सरूबाईचं तोंड उघडंच राहिलं. तिच्याजवळचं होतं नव्हतं ते संपलं होतं. 

"खडा नव्हता," लैला म्हणाली.

दोघींनी तिच्याकडं बघितलं.

"खडा नव्हताच, लायबा. तांदळात नव्हता, खिचडीत नव्हता. मी खोटं लिहिलं."

"का?"

आला तो प्रश्न. जन्मभर दुसऱ्यांना का, का विचारणाऱ्या बाईला स्वतःला उत्तर द्यायचं होतं. "तू हसत होतीस म्हणून," ती म्हणाली. "मी आले आणि तू हसायची थांबलीस. ह्या मावशींमुळं माझा जळफळाट झाला. खिचडी फार चांगली होती. खारट असती तर खारट लिहिलं असतं."

 लायबाचा चेहरा लाल झाला आणि ती ओरडली. अशी ओरडली की बाहेर टेंपो धुणारा युनूस ओल्या हातांनी धावत आला. "आठ दिवस! आठ दिवस मी रोज बघतेय की कुणाचा तरी दात तुटलाय, कुणीतरी रडतंय, माझ्यामुळं! तुला सांगितलं मी! तुला माहीत होतं आणि तू म्हणालीस विसर!" तिनं उशी भिरकावली, ती लैलाच्या खांद्याला लागली. "मला नको तुझ्या गुळाच्या पोळ्या! मला कुणीच नको!"

युनूस पुढं व्हायला लागला तसा सरूबाईनं त्याला हातानं थांबवलं. "ओरडू द्या तिला. बळंच नगा करू गप." लैला जागची हलली नाही. पोरीनं तिला जे जे म्हटलं ते सगळं तिनं उभ्यानं ऐकलं. एकही प्रश्न विचारला नाही. ओरडून ओरडून लायबा रडायला लागली, आणि रडताना ती दोघींपैकी कुणाकडंच गेली नाही, बापाच्या ओल्या शर्टात तोंड खुपसून रडली.

सरूबाई पिशवी उचलून उठली. दाराशी लैलानं तिला गाठलं, "मावशी, चुकलं माझं."

"व्हय, चुकलं," सरूबाई म्हणाली. तिच्या आवाजात ओलावा नव्हता. "तेरा वर्सं माज्या चुलीला कुनी नाव ठिवलं न्हवतं बाय. मला वाटलं पोरीचं नाव निगू नये म्हून गप बसले. घरला जाऊन दोन दिस मी बी जेवले न्हाई. मला नगं सांगू चुकलं. जितं लिवलंस तितं जाऊन सांग." आणि चपला घालून गेली. गेली तेव्हा पिशवी दारातच ठेवून गेली. तिच्यात लसूण होता.

त्या दुपारी लायबा लैलाशी बोलली नाही. पण ताटावर बसली. आईकडं पाठ केली, भाताच्या ढिगात बोटानं आळं केलं, डाळ ओतली, कालवली आणि खायला लागली. एकही शीत बाजूला केलं नाही. लैलानं ते पाठमोरं बघितलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

सोमवारी दोघी शाळेत गेल्या. लायबा दहा पावलं पुढं, लैला मागं. फाटकाशी लायबाचे पाय थांबले, हात मुठीत आवळले गेले. लैलाच्या तोंडाशी आलं, काय झालं, धडधडतंय का? तिनं ते गिळलं. नुसती उभी राहिली. शाळेची घंटा होऊन गेली, पोरं आत गेली, फाटकावरच्या शिपायानं दोनदा बघितलं. मग लायबानं लांब श्वास सोडला आणि आत पाऊल टाकलं.

रेणुका मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "लैलाताई, तुम्ही काय केलंत ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय मॅडम. वही द्या. आणि सरूमावशींना बोलवा."

सरूबाई येऊन दाराशी उभी राहिली, हाताला हळद. लैलानं वही उघडली आणि एकेक शब्द मोठ्यानं वाचत लिहिलं, "गेल्या आठवड्यात मी लिहिलेलं खोटं आहे. खिचडीत खडा नव्हता. तांदूळ अगदी स्वच्छ निवडलेला होता. खिचडी फार चांगली होती. सरूबाईंची काही चूक नाही." खाली सही केली, 'लैला युनूस मुलाणी'.

लायबा तिच्या खांद्यावरून वाचत होती. कालपासूनचं पहिलं वाक्य ती आईशी बोलली. "मागच्या वेळी 'लायबाची आई' लिहिलं होतंस. दोन रेघा ओढून."

"ते कुठल्या तोंडानं लिहू? लाज वाटते."

"वाटू दे," लायबा म्हणाली. "लिही. माझीच आहेस ना?"

लैलानं पेन धरलं, पण अक्षर काही केल्या सरळ येईना. तरी लिहिलं. रेघ ओढली नाही. लायबानं ते नीट वाचलं, मॅडमकडं बघितलं, मॅडमनी मान हलवली, आणि ती सरूबाईच्या मागोमाग उद्याचा तांदूळ निवडायला निघून गेली. मागून "ए साळुंके" अशी हाक ऐकू आली तेव्हा लैलाच्या पोटात जळलंच, कसं नाही जळणार. पोपटी ओढणीनं डोळे पुसून ती अकराच्या लोकलसाठी स्टेशनकडं चालू लागली.